जिभेचा महिना

बुधवार, ४ फेब्रुवारी

जीभ! एवढ्या सगळ्या गुणांमधून माझ्या वाट्याला काय आलं — जीभ!

मास्तरांनी आज सिनेगॉगमध्ये, प्रार्थनेनंतरच्या मोठ्यांच्या वर्गात, गुण वाटले. एकेकाने महिनाभर एकेक गुण सांभाळायचा, आणि कसा सांभाळला ते रोज थोडक्यात लिहून काढायचं. आपल्यातली थोर माणसं पूर्वी असंच करायची म्हणे. स्वतःचा एकेक गुण खाली उतरवायचा, घासूनपुसून लख्ख करायचा, परत जागेवर ठेवायचा. मला वाटलं होतं, मला दया मिळेल. दया मला जमते. पण दया गेली बेकरीवाल्याला! शिळा पाव ताजा म्हणून विकणाऱ्याला! माझ्या नणंदेला, वन्संना, नम्रता मिळाली. त्या म्हणाल्या, "मला दुसरं काहीतरी द्या. ती माझ्यात आहेच भरपूर."

आणि मला — "बाई, तुम्ही जिभेला आवर घाला." तेही किती हळू, किती गोड! मास्तर बोलतातच असे, एकेक शब्द कापसात गुंडाळून हातावर ठेवल्यासारखे. शाळेत जन्म काढला, पण त्यांना चिडलेलं कुणी पाहिलं नाही. आज मी मध्ये मध्ये पुष्कळ विचारलं. एकच गोष्ट तीन तऱ्हांनी विचारली. भुवईसुद्धा हलली नाही त्यांची. देवमाणूस!

पण मी काय बडबडी आहे? दातांचे डॉक्टर माप पाठवतात, मी घरी बसून कवळ्या बनवते. सबंध गल्ली मला 'दातवाली' म्हणते. ह्या गल्लीत कुणाचं हसू स्वतःचं आणि कुणाचं माझ्या टेबलावरून गेलेलं, ते डॉक्टरांना माहीत आणि मला. आजवर ब्र काढलाय का कुणापाशी? बाकीच्या बाबतीत... असो. इथे लिहिलेलं बोलण्यात धरत नाहीत. वहीला कान नसतात.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

सकाळी वन्संशी दूधवाल्याबद्दल बोलले. दुपारी दूधवाल्याशी वन्संबद्दल बोलले. उद्या बघू.

शनिवार, ७ फेब्रुवारी — दिवेलागणीनंतर

शुक्रवारी दिवा लागल्यापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत शब्बाथ, काम नाही, लिहिणं नाही, म्हणून कालपासून सगळं पोटात धरून बसलेय. आता फुटेन. घरात पोपट आलाय!

काल संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावायला काडी ओढली, आणि खिडकीतून फडफडफड! सरळ प्लास्टरच्या साच्यांच्या फळीवर जाऊन बसला. एक पाय एका जबड्यावर, दुसरा दुसऱ्यावर. हिरवा नाही — राखाडी! शेपूट तेवढी लालभडक, कुणीतरी चेष्टेने लावल्यासारखी. मी एका हाताने खिडकी ओढून घेतली, दुसऱ्या हाताने वात लावली.

मग लक्षात आलं — अरे देवा! शब्बाथ लागल्यावर जनावर पकडायचं नसतं, आणि खिडकी लावली म्हणजे पकडलंच. मग खिडकी आधी लागली की दिवा? काडी पेटली होती, पण वात पेटली नव्हती. तेवढ्यात वन्सं वरच्या मजल्यावरून हजर.

"दिवा आधी लागला, वहिनी."

"तुम्ही होतात का इथे?"

"मला जिन्यात वातीचा वास आला."

मी म्हटलं, खिडकी आधी. त्या म्हणाल्या, दिवा आधी. एरवी मी त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या (त्या माझ्या नवऱ्याच्याही पिढ्या, पण असो). महिना जिभेचा, म्हणून गप्प बसले. मास्तर, बघताय ना?

पोपट काल काही बोलला नाही. आजही नाही. नुसता बघतो. त्याच्याआधी मी जेवले नाही — जनावराला आधी घालायचं, मग आपण. तेवढं मला कळतं.

रविवार, ८ फेब्रुवारी

सापडलेली वस्तू आपली नव्हे. मास्तरांनी हे इतकं घोकून घेतलंय की झोपेतही सांगेन. वस्तू सापडली की पुकारायची. मागायला येईल त्याने खूण पटवायची. तोवर आपण राखण करायची. आणि स्वतःसाठी वापरायची नाही!

सिनेगॉगच्या फळ्यावर चिठ्ठी लावून आले: "पक्षी सापडला आहे. कोणता, कसा दिसतो आणि काय बोलतो ते सांगून न्यावा. — दातवाली." काय बोलतो, हे माझं डोकं. रंग काय, कुणीही अंदाजाने सांगेल. बोलण्याची खूण कशी सांगेल?

वन्सं म्हणाल्या, "पण तो मुकाच आहे की!"

"बोलेल."

आणि दुपारी बोलला! मी मेण तापवत होते. मागून एकदम पुरुषी आवाज — "सबूर." मी दचकून चाकूच टाकला. परत — "सबूर... सबूर." असा खोल श्वास घेऊन, थकल्यासारखा. किती शहाणा पक्षी! ज्याच्या घरी पोपट सबुरी शिकतो, तो मालक किती मोठा असेल!

मंगळवार, १० फेब्रुवारी

मालक मोठाबिठा काही नाही. खडूस आहे.

आज पोपटाला कंठ फुटला. "परत तोच प्रश्न! परत तोच प्रश्न!" मग पंख पसरून, "आधी ऐकून घ्या! ऐकून घ्या हो आधी!" आणि सगळं ओरडून झालं की शेवटी — "सबूर, सबूर." कचेरीत खिडकीवर बसणारा कुणीतरी असणार. लोकांवर ओरडायची सोय नाही, घरी येऊन पोपटावर ओरडतो.

बेकरीवाला आला होता. दयेचा महिना त्याचा, म्हणे पक्ष्यावर दया करायची आहे.

"हिरवा ना? लाल चोचीचा?"

"नाही."

"मग पिवळा असेल."

"कापडाचं दुकान आहे का माझं, वेगळ्या रंगात दाखवायला?"

घसरली जीभ! लिहून ठेवते. त्यानंतर एक बाई कोंबडी शोधत आल्या. त्यांच्याशी गोड बोलले, म्हणजे फिटंफाट.

आणि एक गंमत. मशीनवर दात घासताना मी "बाई गं!" म्हणते, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. त्याने म्हणून दाखवलं. आधी मशीनसारखं "घुर्रर्र", मग "बाई गं!" हुबेहूब. हसून हसून माझ्या हातातला सुळा खाली पडला, अजून सापडलेला नाही.

नवरा गेला, मुलगा लांब गेला. ह्या टेबलावर एवढे जबडे येतात-जातात, पण बोलत एकही नाही. दुपारभर मी ह्याच्याशी बोलत होते. चहा थंड झाला.

बुधवार, ११ फेब्रुवारी

वर्गात विचारलंच. "मास्तर, सापडलेल्या वस्तूशी गप्पा मारल्या, तर ते वापरणं झालं का?"

सगळे फिदीफिदी हसले. मास्तर हसले नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांच्या त्या मऊ आवाजात — "गप्पांनी... वस्तूचं भलं होत असेल... तर ती राखणच."

"आणि आपलंच भलं होत असेल तर?"

चष्मा परत काढला. "तर मग, बाई... परत करताना जड जाईल."

निघताना दारात थांबले. "नीट खातो ना?"

"कोण?"

"वस्तू."

काय हो हा माणूस! सगळ्या जीवांची काळजी.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

अक्षर बघा, कसं सैरावैरा धावतंय.

नवी कवळी बसवली की माणसाला "सहासष्ट, सदुसष्ट" म्हणायला लावतात. पुढचे दात थोडे जरी पुढे बसले, तर 'स' बरोबर शीळ निघते. मग आम्ही ते मागे घेतो. मी डॉक्टरांकडे जाऊन स्वतः ऐकते, माझा कान पक्का आहे.

आज पोपट भयंकर तापला होता. "सतरा वेळा सांगितलं! सतरा वेळा सांगितलं!" आणि प्रत्येक 'स'ला शीळ! किटली उकळायला लागते ना, तशी बारीक. पक्ष्याची शीळ नव्हे ती. ती कवळीची शीळ. वरच्या कवळीची, पुढचे दात केसभर पुढे. आणि असं काम एकच माणूस करतो ह्या गावात — मी.

चूक कशी राहिली तेही आठवलं. तो माणूस डॉक्टरांकडे "स-हा-सष्ट... स-दु-सष्ट..." इतकं सावकाश म्हणाला की शीळ निघालीच नाही. सावकाश बोललं तर निघत नाही ती. भरभर बोललं की निघते. म्हणजे चिडल्यावर.

कुणाची कवळी ते इथेसुद्धा लिहिणार नाही. ते माझं इमान आहे.

लिहिते. मास्तर! आपले मास्तर!

म्हणजे ते कापसात गुंडाळलेले शब्द... ती देवमाणसाची सावकाशी... त्यातली निम्मी माझ्या बिघडलेल्या कामाची! आधी खो खो हसले. मग स्टुलावर मटकन बसले. मास्तर चिडतात! घरी, दार लावून, पोपटावर!

शब्बाथ लागायला आलाय. उरलेलं शब्बाथनंतर.

रविवार, १५ फेब्रुवारी

मास्तर पोपट न्यायला का येत नाहीत, ते आता कळलं. कसे येतील? माझ्या दारात उभं राहून काय सांगतील — "तो ओरडतो, आणि ते माझं ओरडणं आहे"? वर जिन्यात वन्सं कान लावून बसलेल्या! शब्बाथच्या आत गावभर होईल — देवमाणूस घरी खेकसतो.

'काय बोलतो ते सांगून न्यावा' — माझ्याच डोक्यातून निघालेली ओळ. फळ्यापाशी जायचं, ती ओळ कापायची. मास्तर संध्याकाळच्या आत येतील, "राखाडी, लाल शेपटीचा" म्हणतील आणि घेऊन जातील. कात्री इथे टेबलावर आहे.

पण नियम म्हणजे नियम! पक्की खूण नको का? शीळ काय, दुसऱ्या कुणाचीही असेल. नसेल, पण असेल. मालकाने यावं, खूण सांगावी. मी कुठे नाही म्हणतेय?

मुलाचा फोन आला. तब्येत बरी, हवा बरी, काम फार. मग "बरं, ठेवतो." फोन ठेवला आणि पाठीमागून, अगदी त्याच्या आवाजात — "बरं, ठेवतो." हा मेला पोपट ऐकतो तरी किती! मला एकदम भरून आलं. त्याला म्हटलं, तू गेलास तर मी बोलू कुणाशी? त्याने मान वाकडी करून ऐकून घेतलं. मी परत म्हटलं. बऱ्याचदा म्हटलं.

बुधवार, १८ फेब्रुवारी

देवा, मला आज शिक्षा कर. नको, झालीच आहे.

वन्संनी वर्गात सांगितलं, "वहिनी पार बदलली. पोपट कुणाचा वाटतो, म्हणून खोदून खोदून विचारलं, तोंडातून चकार शब्द नाही!" आणि मास्तरांनी — खुद्द मास्तरांनी — माझ्याकडे बोट केलं. "बाईंकडून शिका. बोलता येत असून न बोलणं... सोपं नसतं."

जन्मात पहिल्यांदा गप्प बसल्याबद्दल शाबासकी मिळाली, आणि ती ह्या गप्प बसण्याबद्दल! तोंड बंद आणि बंद तोंडाच्या आत दुसऱ्याचा पोपट. कान असे तापले की वाटलं, दिसतील सगळ्यांना.

पुढचं ऐका. आजचा धडा — चारचौघांत कुणाला मान खाली घालायला लावू नये. एखाद्याचा चेहरा पांढरा पडला, तर त्याचं रक्त सांडल्यासारखंच ते. हे सांगताना मास्तरांचाच चेहरा प्लास्टरसारखा.

वर्ग सुटल्यावर फळ्यापुढे उभे होते. दोन ओळींची चिठ्ठी, वाचायला किती वेळ? मला पाहिलं तशी घाईने रुमाल काढला, आणि रुमालाबरोबर खिशातून सूर्यफुलाच्या बिया सांडल्या. सगळ्या फरशीवर. आम्ही दोघं त्या बियांकडे बघत राहिलो. मग मी वाकून गोळा केल्या, त्यांच्या हातावर ठेवल्या.

"तुमच्या पडल्या."

"हो." मग बिया खिशात घालत, "मला... आवडतात."

कवळी लावणारा माणूस आणि सूर्यफुलाच्या बिया! एक टरफल कवळीखाली गेलं तर दिवसभर जीव नकोसा होतो. मी सांगते ना, मीच बनवलीय ती. मान डोलावली फक्त. "चांगल्या असतात," म्हटलं.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

चिठ्ठी फळ्यावर तशीच. दिवसभर टेबलाशी एकच पुटपुट — मास्तरांची कवळी सैल झालीय (काल बोलताना टकटक वाजत होती), दात मागे घ्यायला हवेत, सांगायचं कसं? कवळीबद्दल चिंता करत बसले की पोपटाबद्दल करावी लागत नाही.

शनिवार, २१ फेब्रुवारी — शब्बाथ संपल्यावर

आज दुपारी वन्सं खाली बसायला आल्या होत्या. सगळं नीट चाललं होतं. पोपटाने मान वर केली, छाती फुगवली आणि —

"दातवाली! परत दातवाली! सतरा प्रश्न विचारते! देवा, ह्या बाईला आवर! सबूर दे... सबूर!"

शिळेसकट. थकलेल्या श्वासासकट.

वन्संचे डोळे बारीक झाले. "हा आवाज ओळखीचा वाटतो गं."

मग मी काय केलं? जोरात शब्बाथचं गाणं धरलं. मला सूर नाही, ताल नाही, कधीच नव्हता. पोपट ओरडतोय, मी त्याच्यावर गातेय. वन्संनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि वर निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "देवाला ऐकू येतं, वहिनी."

त्या गेल्यावर मी अशी संतापले! मी? मीच? वर्गात एवढी टाळकी, आणि मास्तरांनी पोपटाला शिकवायला माझंच नाव निवडलं? पोपटाकडे पाठ करून बसले. मनात मास्तरांना नाही नाही ते बोलले. जीभ हलवली नाही, पण काय काय बोलले!

अंधारत आलं. शब्बाथ संपला नव्हता, दिवा लावता येत नव्हता, बसून राहिले. आणि हळूहळू एकेक बुधवार आठवायला लागला. मी तोच प्रश्न परत विचारते. बाकीचे डोळे फिरवतात. आणि मास्तर दर वेळी, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे, सांगतात. एकदाही आवाज चढलेला नाही. एकदाही "सांगितलं ना" नाही.

मला वाटायचं, सबुरी त्यांना जन्मतःच मिळालीय, नाकासारखी. तसं नाही. ती ते घरी बसून घडवतात, मी दात घडवते तशी, घासून घासून. माझ्यावरचा सगळा राग पोपटाला ऐकवतात, सबूर सबूर म्हणतात, आणि बुधवारी मऊ होऊन येतात. माझ्यासाठी! नवऱ्यानेसुद्धा माझ्यासाठी कधी इतकी तयारी केली नव्हती.

आणि गेले दोन आठवडे हा माणूस तयारीशिवाय वर्गाला येतोय. एकटा. ओरडायला कुणी नाही. बोलायलाही कुणी नाही. ते काय असतं, हे मला कुणी शिकवायला नको.

सोमवार, २३ फेब्रुवारी

देऊन आले.

सोमवारी सकाळच्या प्रार्थनेत तोराची पोथी वाचतात, मास्तरांना यायला उशीर होतो. झाकणाची टोपली घेतली. तो टोपलीत शहाण्यासारखा बसला. रस्त्यात एकदा "आधी ऐकून घ्या!" ओरडला, तेव्हा समोरून येणारा पोस्टमन थांबून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "नंतर."

मास्तरांच्या मजल्यावर गेले. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, त्या प्रार्थनेच्या डबीला, हात लावून बोटं ओठांना लावली. दाराशेजारी खुंटीला पिंजरा टांगलेला. पिंजऱ्याचं दार दोऱ्याने उघडं बांधून ठेवलेलं, वाटेल तेव्हा आत येता यावं म्हणून. धुळीचा कण नाही. आणि वाटीत पाणी — आज सकाळचं, ताजं! रिकाम्या पिंजऱ्यात रोज ताजं पाणी ठेवत होता हा माणूस, आणि मी फळ्यावरची एक ओळ कापत नव्हते. मला तिथेच रडू आलं. लाज वाटली स्वतःची, भरपूर वाटली.

पोपट आपल्या खुर्चीत बसावं तसा आत जाऊन बसला. दोरा सोडला, कडी लावली. चिठ्ठी नाही, काही नाही. माझ्याकडून उडाला, घरी परत आला, कुणा शेजाऱ्याने कडी लावली — मास्तरांना असंच वाटू दे; मी काय ऐकलं ते कळायलाच नको. त्यांची मान माझ्यापुढे खाली जायला नको. तो मागून काहीतरी म्हणाला, पण मी निम्मा जिना उतरले होते. येता येता फळ्यावरची चिठ्ठी फाडली.

वन्सं जिन्यात. "कुणी नेला?"

"मालकाने."

"मालक कोण?"

"खूण पटली."

"काय खूण?"

"वन्सं, माझा जिभेचा महिना आहे."

त्यांचं तोंड असं झालं की मला महिन्याभराचं फळ मिळालं.

मशीन चालू केलं. "बाई गं" मीच म्हटलं, मीच ऐकलं. जेवले नाही नीट.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

बाई गं!

मी निघताना तो मागून जे म्हणाला, ते आज दात घासताना आठवलं. तो "घुर्रर्र — बाई गं!" म्हणाला! गुपचूप, कुणाला न कळता, बिनचिठ्ठीचा पोपट — आणि पोपटच चिठ्ठी! मास्तरांना पहिल्या घुर्रर्रलाच कळलं असेल, तो माझ्याकडे गप्प बसला नव्हता. आणि मी त्यांचं काय काय ऐकलं असेल, तेही.

आणि अजून काय शिकला असेल? मी काय काय बोलले? दूधवाला, वन्सं, बेकरीवाल्याचा पाव... मास्तरांची कवळी सैल झालीय, सांगायचं कसं...

आणि ते दुसरं. रविवारचं. देवा, ते नको शिकलेला असू दे.

उद्या वर्ग. ताप आला असता तर बरं झालं असतं. कपाळ बघितलं, थंडगार.

बुधवार, २५ फेब्रुवारी

गेले. शेवटच्या बाकावर बसले, वन्संच्या आड. मास्तर आले. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, चेहऱ्यावर रंग. माझ्याकडे पाहिलं नाही. शिकवत राहिले. मी हूं की चूं केलं नाही.

अर्ध्या तासाने थांबले. "बाई... आज प्रश्न नाही?"

"नाही, मास्तर."

"विचारा." मग त्याहून हळू — "चुकल्यासारखं होतं."

सगळा वर्ग वळून बघायला लागला. आता काय विचारणार? घाबरून तोच प्रश्न विचारला, नेहमीचा. बेकरीवाल्याने कपाळाला हात लावला. आणि मास्तरांनी सांगितलं, सगळं पहिल्यापासून, कापसात गुंडाळून. ओठाच्या एका कोपऱ्यात हसू होतं. त्या कोपऱ्यातला दात मी बसवलाय, मला दिसतं.

सोमवारपासून सगळ्यांना नवे गुण. वन्संना पुन्हा नम्रता. मला खरेपणा.

रविवार, १ मार्च

मास्तर दारात! एका हातात झाकलेला पिंजरा, दुसऱ्यात रुमाल. जिन्यात वन्संचा श्वाससुद्धा बंद. कापडाखालून माझाच आवाज आला — "तू गेलास तर मी बोलू कुणाशी?" आम्ही दोघांनी भिंतीकडे पाहिलं.

मास्तरांनी पाठ फिरवली, कवळी काढली, रुमालात गुंडाळून टेबलावर ठेवली. आणि बोळक्या तोंडाने, जन्मात पहिल्यांदा माझ्याशी भरभर बोलले — "सैल झालीय म्हणे. करून द्या. तोवर मला बोलता यायचं नाही. बुधवारी वर्गात मौन शिकवीन. पण ह्याच्याशी रोज कुणीतरी बोलायला हवं. किती दिवस लागतील?"

पुढचे दात मागे घ्यायचे, आतून घट्ट करायची. एका दुपारचं काम.

"वेळ लागेल, मास्तर," मी म्हटलं. "बराच लागेल."

खरेपणाचा महिना उद्यापासून.